बेरीज-अध्यापन, महाराष्ट्रातील

दोन किंवा अधिक संख्या एकत्र करण्याच्या रीती मुलांना शिकविण्याचा इतिहास. लहान संख्यांची बेरीज मूल बोटे वा खडे मोजून करू शकते. दोन अंकी व त्यांहून मोठ्या संख्यांसाठी मात्र स्थानमूल्याची जाण आणि संख्येचे सोयीस्कर भाग पाडण्याची हातोटी आवश्यक असते. ही जाण लिहिलेल्या अंकांइतकीच उच्चारलेल्या संख्यानामांतूनही घडते. म्हणून महाराष्ट्रात, विशेषतः त्याच्या द्विभाषिक सीमाभागात, हा विषय भाषेशी निगडित राहिला आहे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) बेरजेस ‘संकलित’ म्हटले असून अंक आपापल्या स्थानानुसार क्रमाने अथवा उलट क्रमाने मिळवावेत, असे सांगितले आहे. म्हणजे एकापेक्षा अधिक रीतींना तेथे मान्यता होती. पुढे पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर अंक गिरविणे व सायंकाळी परवचा म्हणणे हा शिक्षणाचा मुख्य भाग होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत झाल्याने बाजारातील हिशेब तोंडी होत असे. एकोणिसाव्या शतकात छापील पाठ्यपुस्तके आल्यानंतर एककापासून आरंभ होणारी, हातचा घेण्याची उभी मांडणी शाळांत दृढ झाली.

उभ्या मांडणीत ४७ व ३८ यांची बेरीज करताना ७ व ८ मिळून १५ होतात. ५ लिहून हातचा १ घेतला जातो. रीत बिनचूक आहे. परंतु हातचा १ म्हणजे एक दशक, हे मुलास उमजतेच असे नाही. म्हणून तिच्याआधी वा तिच्याबरोबर अन्य रीती शिकविल्या जातात. दशके व एकक वेगळे करून ७० आणि १५ मिळविणे, ३८ मधील ३ काढून ४७ चे ५० करणे व त्यांत ३५ मिळविणे, किंवा ४७ मध्ये ४० मिळवून २ वजा करणे, या त्यांपैकी प्रमुख होत. नेदर्लंड्समध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा टप्प्यांसाठी रिकाम्या संख्यारेषेचा वापर रूढ झाला.

मराठी संख्यानामांत एकक आधी येतो : सत्तेचाळीस, अडतीस. ऐकताना आधी येणारा अंक लिहिताना नंतर येतो. जर्मन भाषेतही असाच क्रम आढळतो. एकोणतीस, एकोणपन्नास ही नावे मात्र ‘एक कमी’ असा अर्थ बाळगतात. ४९ व २६ यांची बेरीज ५० व २६ मधून १ वजा करून करावी, हे नावच सुचविते. कन्नडमध्ये ४७ ला ‘नलवत्तेळु’, म्हणजे चाळीस-सात, म्हणतात. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग हे सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील गाव ज्या पट्ट्यात आहे, तेथे मराठी व कन्नड शेजारी नांदतात. अशा भागात कन्नड बोलणाऱ्या घरातून मराठी शाळेत येणाऱ्या मुलास बेरजेपूर्वी संख्यानामांचा उलट क्रम आत्मसात करावा लागतो.

पुणे येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी वाचनपद्धती दिली, तेव्हा हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी जोडाक्षरयुक्त नावे व उलट क्रम मुलांना कठीण जातात, अशी भूमिका मांडली आणि दाक्षिणात्य भाषांतील क्रमाकडे लक्ष वेधले. रूढ नावे हा व्यवहाराचा व भाषेचा ठेवा असून तो मागे पडेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. विधिमंडळातही हा विषय गाजला.

वस्तुतः एककापासून सुरू होणाऱ्या लेखी रीतीशी मराठी नावे जुळतात, तर दशकापासून सुरू होणारी तोंडी रीत ‘साठ दोन’ या वाचनाने सुलभ होते. एकाच क्रमाचा आग्रह धरल्यास त्याची झळ प्रथम बसते ती घरी एक व शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलास. दोन्ही क्रमांची ओळख असलेले मूल एका रीतीने काढलेले उत्तर दुसरीने पडताळून पाहू शकते.