रेणूंची भाषा : छेद-संधानाचे व्याकरण आणि बेंगळुरूतील दोन प्रश्न

जीवशास्त्राने आपल्या शब्दसंपत्तीचा मोठा भाग ग्रंथव्यवहारातून उसना घेतला आहे. पेशीत ‘प्रतिलेखन’ होते, ‘भाषांतर’ होते, जनुकीय संकेत ‘वाचला’ जातो. हेच शब्द साहित्याभ्यासाकडे परत येतात तेव्हा त्यांना विज्ञानाचे वजन प्राप्त झालेले असते. मग प्रत्येक संहिता पूर्वसंहितांच्या तुकड्यांतून घडते ही आंतरसंहितात्मकतेची कल्पना जणू निसर्गनियमच भासू लागते. ही उसनवारी कोठवर टिकते हे तपासण्याचे साधन आकारिक भाषांच्या गणिताने उपलब्ध करून दिले आहे, आणि त्या साधनाच्या मर्यादा दाखवणारे दोन महत्त्वाचे प्रयत्न बेंगळुरूत झाले आहेत.

नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये भाषावर्णनाची तीन प्रारूपे मांडली, तेव्हापासून ‘भाषा’ म्हणजे सान्त वर्णमालेतून घडणाऱ्या चिन्हमालांचा संच, ही व्याख्या गणितात रूढ झाली. दक्षिण भारतात हे गणित लवकर रुजले. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी निगडित गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलम या तमिळ रांगोळीचे व्याकरण चिन्हांच्या चौकटीतून सिद्ध केले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकी गणिती टॉम हेड यांनी हीच दृष्टी डीएनएला लावली. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा विस्तार वर्तुळाकार डीएनएपर्यंत केला.

हेड यांच्या प्रारूपाचे मूळ प्रयोगशाळेतील एका नित्याच्या क्रियेत आहे. काही विकरे डीएनएची साखळी ठरावीक अक्षरक्रम दिसेल तेथेच छेदतात. जुळणारी टोके लाभली की दुसरे विकर ते तुकडे सांधते. मराठी सामासिक शब्दांवर ही क्रिया करून पाहता येईल. ‘राजवाडा’ आणि ‘देवघर’ हे शब्द पदांच्या सीमेवर छेदून तुकड्यांची अदलाबदल केली, तर ‘राजघर’ आणि ‘देववाडा’ मिळतात. नियमाच्या दृष्टीने चारही शब्द समान दर्जाचे आहेत. रूढी आणि अर्थ यांचा तेथे प्रवेश नाही.

पाणिनीय परंपरेशी तुलना केल्यास या क्रियेचे वेगळेपण स्पष्ट होते. अष्टाध्यायीत स्थानीच्या जागी आदेश येतो; चॉम्स्कीप्रणीत व्याकरणही पुनर्लेखनावर आधारलेले आहे. छेद-संधानात मात्र कशाच्या जागी काहीच येत नाही. दोन साखळ्यांची भेट होते, आणि जे आधीपासून होते तेच नव्या क्रमाने उरते.

अशा क्रियेची निर्मितिक्षमता किती, या प्रश्नाचे उत्तर कारेल चुलिक व तेरो हार्यू यांनी १९९१ मध्ये आणि डेनिस पिक्स्टन यांनी १९९६ मध्ये दिले. आरंभीच्या साखळ्या सान्त आणि नियमही सान्त असतील, तर निष्पन्न होणारी भाषा नेहमी ‘नियमित’ या सर्वांत साध्या वर्गातच राहते. भाषा अनंत असू शकते. पण कितीही खोल गुंफलेल्या कंसांची उघडझाप बरोबर जुळते की नाही, एवढेही या वर्गाला सांभाळता येत नाही. गेओर्गे पाऊन यांनी १९९६ मध्ये दाखवले की नियमांचा संच अनंत, पण स्वतः नियमित, असू दिला आणि ठरावीक वर्णमालेतील साखळ्याच अंतिम मानल्या, तर हेच यंत्र ट्युरिंगच्या यंत्राइतके समर्थ होते. सामर्थ्य येते ते जोडणीवरील नियंत्रणातून आणि निवडीतून.

लेनर्ड एडलमन यांच्या १९९४ च्या प्रयोगातही हेच दिसते. सात बिंदूंच्या आलेखात प्रत्येक बिंदूतून एकदाच जाणारा मार्ग त्यांनी डीएनएच्या साहाय्याने शोधला. संभाव्य मार्ग रेणूंनी आपोआप जुळवले; सुमारे आठवडाभराचे श्रम मुख्यतः चुकीचे मार्ग गाळण्यात गेले.

या साऱ्या गणितात दोन गोष्टी गृहीत आहेत : वर्णमाला दिलेली असते, आणि संदर्भ म्हणजे शेजारची अक्षरे. बेंगळुरूतील पुढील दोन संशोधने हेड यांना उत्तर म्हणून झालेली नाहीत. तरी ती नेमकी या दोन गृहीतांनाच भिडतात.

भारतीय विज्ञान संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ अपूर्व पटेल यांनी २००१ मध्ये ‘प्रमाण’ या नियतकालिकात विचारले की डीएनएची अक्षरे चारच आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले वीसच का. ग्रोव्हर यांच्या पुंज-शोधपद्धतीत एका पृच्छेने चार पर्यायांतून निवड होते, तीन पृच्छांनी सुमारे २०.२ पर्यायांतून, आणि जनुकीय संकेताचा शब्दही तीन अक्षरांचाच आहे. हा प्रस्ताव अनुमानाच्याच कोटीत आहे. परंतु वर्णमालेलाही इतिहास आणि कारण असू शकते, हा त्यातील प्रश्न व्याकरणाच्या कक्षेत मुळी उद्भवतच नाही.

दुसरे संशोधन नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधील. यमुना कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डीएनएचे असे यंत्र सिद्ध केले की जे भोवतालची आम्लता वाढताच मिटते आणि घटताच उघडते. जिवंत पेशीतील आम्लतेचा नकाशा त्यावरून मिळाला. येथे अक्षरक्रम तोच राहतो, आकार बदलतो, आणि बदलाचे कारण साखळीबाहेरच्या द्रवात असते. चिन्हमालेपुरते पाहणाऱ्या व्याकरणाला या दोन स्थितींतील भेद दिसणार नाही.

तौलनिक साहित्याभ्यासाने या इतिहासातून रूपक उचलण्याआधी त्याचा निष्कर्ष ध्यानात घ्यावा. संहिता पूर्वसंहितांच्या तुकड्यांतून घडते, एवढ्या विधानाने वर्णिलेली निर्मिती गणितदृष्ट्या सर्वांत दुबळी ठरते. एखाद्या परंपरेने कोणते तुकडे कोठून घेतले याची नोंद आवश्यक आहेच. पण कोणते जोड तिने नाकारले, कोणाच्या नियंत्रणाखाली नाकारले, आणि तोच शब्दक्रम दुसऱ्या परिसरात जाताच त्याचा आकार कसा पालटला, हे प्रश्न त्या नोंदीतून सुटत नाहीत. त्यांचा शोध स्वतंत्रपणेच घ्यावा लागतो.