अलिबागहून आलेली माणसे

“मी काय अलिबागहून आलो आहे?” हा प्रश्न महाराष्ट्रात न ऐकलेला माणूस विरळा. समोरचा आपल्याला भोळा समजून गंडवू पाहत आहे अशी शंका आली, की हे वाक्य सहज ओठांवर येते. हिंदी चित्रपटांनीही ते उचलले. या बोलण्याने दुखावलेल्या अलिबागच्या एका रहिवाशाने २०१९ साली थेट मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि या वाक्प्रचारावर बंदी घालावी अशी विनंती केली. न्यायालयाने याचिका फेटाळली. विनोद प्रत्येकच समाजावर होत असतात, ते मनाला लावून घेऊ नयेत, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. इतिहासाच्या दृष्टीने मात्र प्रश्न उरतोच : अलिबागहून आलेली माणसे खरोखर होती तरी कोण?

हा प्रश्न आपणही विचारावा असा आहे. तळवडे, निगडी, चाकण या आपल्या औद्योगिक पट्ट्यातील कित्येक कुटुंबे वर्षातून एकदा तरी बोरघाट उतरून खोपोली, पेण, वडखळमार्गे अलिबाग गाठतात. वरसोली, आक्षी, नागाव, किहीम येथील वाळूत मुले खेळतात, घरगुती खानावळीत मासळीचे जेवण होते आणि रविवारी संध्याकाळी सारे परततात. दोन दिवसांत समुद्र पाहून होतो; गाव पाहायचे राहून जाते.

आक्षीपासूनच आरंभ करू. नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या या गावात एक शिलालेख सापडला. तो शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो. मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. ज्या भाषेत आपण अलिबागकराची थट्टा करतो, त्या भाषेची आरंभीची अक्षरे अलिबागच्या वेशीवर कोरली गेली!

अलिबागसमोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० साली त्याचे बांधकाम सुरू झाले व संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्णत्वास गेले. तटाचे प्रचंड दगड चुन्यावाचून एकमेकांवर रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. चारही बाजूंस खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज या दोन आरमारी सत्तांनी मिळून या किल्ल्यावर चाल केली आणि दोघांनाही हात हालवीत परतावे लागले. किल्ल्याचे धनी कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० साली खालसा केले. पुढे या किल्ल्याचेच नाव जिल्ह्याला मिळाले आणि १९८१ साली तो रायगड जिल्हा होईपर्यंत ते कायम होते.

समुद्राने येथे शत्रू आणले तसे आश्रितही आणले. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या मोजक्या जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. धर्मग्रंथ समुद्राने गिळले, तरी शब्बाथ त्यांनी टाकला नाही. गावोगावी घाण्यावर तेल गाळणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. नावही शेजाऱ्यांनी दिले आणि आडनावे गावांनी : किहीमकर, नवगावकर, चेऊलकर. त्यांची मातृभाषा मराठी झाली. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली, पण अलिबागचे मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभे आहे. एक गाव परक्याला आपले आडनाव देते, याहून मोठे आतिथ्य कोणते?

आपल्या ख्रिस्ती समाजाशी जवळचे उदाहरण दक्षिणेस थोड्या अंतरावर आहे. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीज चौल-रेवदंड्यास स्थिरावले. १७३९ साली वसई पडली आणि १७४० च्या तहाने हाही मुलूख मराठ्यांकडे आला. सत्ताधीश जहाजांत बसून निघून गेले. कोर्लईचे साधे श्रद्धावंत मात्र तेथेच राहिले. राजाश्रय नाही, गोव्याशी दळणवळण तुटक. अशा स्थितीत त्यांनी माउंट कार्मेल मातेची भक्ती जपली आणि घरातली बोलीही जपली. त्या बोलीचे शब्द बव्हंशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीच्या सहवासाने घडलेली. तिला ते ‘आपली भाषा’ या अर्थाने ‘नॉ लिंग’ म्हणतात. ती बोलणारी माणसे आता हजाराच्या आसपास आहेत. धर्म परकीय सत्तेच्या पाठिंब्यावर टिकतो असे मानणाऱ्यांनी एकदा कोर्लईस जावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी खुद्द मुंबईलाच अलिबागचे दार ठोठवावे लागले. मुंबईच्या कुलाब्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारी वेधशाळा होती. १८५९ च्या सप्टेंबरातील विख्यात सौरवादळाची नोंदही तिच्याकडे आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने वेधशाळेच्या सुया विचलित होणार, हे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले आणि १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडात तिची इमारत उभारली गेली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला. एका कुलाब्याचे काम अशा रीतीने दुसऱ्या कुलाब्याने हाती घेतले, आणि ते आजतागायत चालू आहे. महानगराजवळ पैसा होता, वीज होती. नव्हती ती शांतता. ती अलिबागजवळ होती.

त्याच शांततेच्या ओढीने मुंबईकर किहीमला येऊन राहू लागले. त्यांच्यापैकी एक होते पक्षितज्ज्ञ सालिम अली. १९३० साली त्यांनी किहीमला सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटी विणतो, मादी ती पारखून एक पसंत करते आणि मगच ते पुरे होते, हा संसार त्यांनी चिकाटीने टिपला. पाहुणा म्हणून येऊन गावच्या पाखरांकडूनही शिकता येते, याचा हा वस्तुपाठ होय.

आणि भोळेपणाचे म्हणाल, तर चरीचा संप आठवावा. अलिबाग तालुक्यातील चरी या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. २५ गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. शेते ओस पडली, चुली विझू लागल्या, लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, परंतु १९३९ पर्यंत संप मोडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीस आले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. सहा वर्षे उपाशी राहून हक्क मिळविणाऱ्या माणसांना ‘गंडविता येण्याजोगी’ कोण म्हणेल?

आज त्यांच्या नातवंडांपुढे निराळा पेच आहे. मुंबईहून मांडव्यास बोटीने तासाभरात पोहोचता येते. २०२० पासून मोटारीही जहाजात चढून येतात. मांडवा, आवास, किहीम या बाजूच्या जमिनींचे भाव शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. ज्या जमिनीसाठी आजोबा झुंजले, ती विकून नातू कधीकधी तेथल्याच बंगल्यात माळी अथवा रखवालदार म्हणून राहतो. पर्यटनाने पुष्कळ घरांत चार पैसे आले हेही तितकेच खरे. घरगुती खानावळी स्त्रियांच्या कष्टांवर चालतात. पांढरा कांदा, वाल, सुकी मासळी यांना दाराशी गिऱ्हाईक मिळते. म्हणून पर्यटन नको असे कोणी म्हणणार नाही. पण तळवड्यात शेतांच्या जागी कारखाने आणि सॉफ्टवेअर पार्क उभे राहताना पाहिलेल्या आपल्या लोकांना निराळे काय सांगावे? जमीन एकदाच विकता येते. गावाने गावपण विकले, तर पुढच्या पाहुण्याला दाखवायला वाळू तेवढी उरेल.

यात पाहुण्याचाही वाटा आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली जाते, तिचा मान राखावा. मोठ्या आवाजाची गाणी घरीच ठेवावीत. मुलांना सिनेगॉग, शिलालेख, कान्होजींची समाधी दाखवावी. आणि कोर्लईच्या देवळात क्षणभर गुडघे टेकावेत.

कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटी साधावी लागते. तिचा हिशेब तेथल्या कोळ्याच्या बोटांवर असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची घटका मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हे न विचारता शहाणा शहरी माणूस पाण्यात उतरला, तर परतीची वाट समुद्र बंद करतो. मग त्याला हाताला धरून किनाऱ्यावर आणणारा माणूस अलिबागचाच असतो.