मुलांचा टाय

मुलांचा टाय हा लहान व किशोरवयीन मुलांसाठी तयार केलेला, सदऱ्याच्या कॉलरखालून गळ्याभोवती घेऊन पुढील बाजूस गाठ मारून किंवा आकड्याने अडकवून वापरला जाणारा कापडी पट्टा होय. शालेय गणवेश, विवाह व स्वागत समारंभ, धार्मिक विधी, संचलने आणि स्नेहसंमेलने अशा प्रसंगी तो वापरला जातो. दिसण्यात तो प्रौढांच्या टायसारखा असला, तरी त्याची निवड करताना मुलाची उंची, गळ्याचा घेर, वय आणि स्वतः गाठ मारण्याची व सोडवण्याची क्षमता विचारात घ्यावी लागते. त्यामुळे मुलांचा टाय म्हणजे केवळ मोठ्या टायची लहान प्रतिकृती नव्हे.

नाव

मराठीत 'टाय' हा इंग्रजीतून आलेला शब्द सर्वत्र रूढ असून तो बहुधा पुल्लिंगी वापरला जातो. 'नेकटाय' हे पूर्ण रूप लेखनात क्वचित आढळते. 'कंठलंगोट' हा संस्कृत वळणाचा शब्द विनोदाने वापरला जातो. व्यवहारात तो रुजलेला नाही. फुलपाखराच्या आकाराच्या गाठीला 'बो' किंवा 'बो टाय' म्हणतात.

इतिहास

आधुनिक टायचा उगम सतराव्या शतकातील युरोपात मानला जातो. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात (१६१८–१६४८) फ्रान्सच्या सेवेत असलेले क्रोएशियन सैनिक गळ्याभोवती रुमालासारखे वस्त्र बांधत असत. त्यांच्या नावावरून या वस्त्राला फ्रेंचमध्ये 'क्रॅव्हात' हे नाव मिळाले. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६४६ च्या सुमारास लेसचे असे गळवस्त्र वापरण्यास सुरुवात केली, असे सांगितले जाते. लुईचा जन्म १६३८ मधील असल्याने त्या वेळी तो जेमतेम सात-आठ वर्षांचा होता. म्हणजेच ज्या वस्त्रापासून टाय विकसित झाला, त्याच्या दरबारी लोकप्रियतेशी एका बालराजाचे नाव जोडलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात मुलांच्या पोशाखात गळवस्त्राला स्वतंत्र स्थान मिळाले. ब्रिटनचा युवराज आल्बर्ट एडवर्ड (पुढे राजा सातवा एडवर्ड) याचे खलाशी वेशातील चित्र चित्रकार विंटरहाल्टर याने १८४६ मध्ये रंगवले. त्यानंतर रुंद कॉलर व सैल गळपट्टी असलेला खलाशी पोशाख मुलांसाठी लोकप्रिय झाला. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची 'लिटल लॉर्ड फाँटलरॉय' ही कादंबरी १८८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्यावर मखमली कोट आणि लेसची कॉलर यांची लाट आली.

आज प्रचलित असलेल्या लांब टायची रचना १९२० च्या दशकात स्थिरावली. न्यूयॉर्क येथील जेसी लँग्सडॉर्फ याने कापड उरेब, म्हणजे ताण्याबाण्याला तिरके कापून आणि तीन तुकडे जोडून टाय शिवण्याची पद्धत रूढ केली. उरेब कापडाला थोडा ताण बसतो व तो सुटल्यावर ते पूर्ववत होते. त्यामुळे गाठ सोडल्यानंतर टायला पीळ राहत नाही.

शालेय टाय

संस्थेची ओळख म्हणून टाय वापरण्याच्या प्रथेचा आरंभ ऑक्सफर्डमधील एक्सेटर महाविद्यालयाशी जोडला जातो. तेथील नौकानयन संघाच्या सदस्यांनी १८८० मध्ये टोपीच्या फिती काढून गळ्याभोवती बांधल्या, असे सांगतात. पुढे महाविद्यालये, शाळा, क्लब आणि लष्करी पलटणी यांनी आपापल्या रंगांच्या तिरक्या पट्ट्यांचे टाय स्वीकारले.

भारतात ब्रिटिश काळात स्थापन झालेल्या इंग्रजी पद्धतीच्या शाळांमधून टाय गणवेशात आला आणि स्वातंत्र्यानंतर इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या विस्ताराबरोबर लहान शहरांपर्यंत पोहोचला. शाळेचे बोधचिन्ह, दोन-तीन रंगांचे तिरके पट्टे किंवा विद्यार्थिगटाचा रंग हे शालेय टायचे नेहमीचे प्रकार आहेत. अनेक शाळांत मुलींच्या गणवेशातही टाय असतो. उष्ण व दमट हवामानात बंद कॉलर आणि पॉलिस्टरचा टाय त्रासदायक ठरतो, असा आक्षेप या प्रथेवर घेतला जातो. काही शाळा टाय केवळ हिवाळ्यात किंवा विशेष दिवशी सक्तीचा ठेवतात.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात मुलांच्या टायला शाळेपलीकडेही अर्थ प्राप्त झाला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यांत व प्रतिमांत सूट, टाय आणि हातात ग्रंथ हे रूप सर्वपरिचित आहे. साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना इतर विद्यार्थ्यांपासून वेगळे, घरून नेलेल्या तरटावर बसावे लागे. १९१३ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व पुढे लंडन येथेही शिकले. ज्यांना वस्त्रांच्या बाबतीतही जातीची बंधने पाळावी लागत होती, अशा समाजाच्या दृष्टीने हा पोशाख शिक्षणाचे आणि स्वाभिमानाचे चिन्ह ठरला. १४ एप्रिलच्या जयंतीला लहान मुलांना निळा कोट, पांढरा सदरा, टाय व चष्मा असा वेश देण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते.

गोव्यातील तसेच वसई परिसरातील ख्रिस्ती समाजात प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या विधीला आणि विवाहात मुलांना टाय किंवा बो घातला जातो. मुंजीच्या किंवा लग्नाच्या दिवशी सकाळी धोतर-उपरणे अथवा सदरा-लेंगा आणि सायंकाळच्या स्वागत समारंभात सूट-टाय, अशी विभागणीही शहरी मराठी कुटुंबांत आढळते. बंद गळ्याच्या जोधपुरी कोटाबरोबर टायची आवश्यकता नसते.

प्रकार

गाठीचा टाय : हा प्रत्येक वेळी हाताने बांधावा लागतो. गाठ मुलाच्या गळ्याच्या मापाची करता येते. साधारणतः आठ-नऊ वर्षांची मुले सरावाने तो स्वतः बांधू शकतात.

इलॅस्टिकचा टाय : गाठ आधीच शिवलेली असते व कॉलरखालून इलॅस्टिकची पट्टी जाते. प्राथमिक शाळांत हा प्रकार फार प्रचलित आहे.

झिपचा टाय : गाठ तयार असते, झिप सरकवून गळ्याभोवतीचा फेरा लहान-मोठा करता येतो.

क्लिपचा टाय : गाठीमागे चिमटा किंवा आकडा असतो व तो सदऱ्याच्या वरच्या बटणाजवळ अडकवला जातो. गळ्याभोवती पट्टा नसतो.

बो टाय : तयार व बांधायचा अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. लोंबते टोक नसल्याने जेवताना व खेळताना तो अडथळा करत नाही.

निवड

टायची शोभा प्रामुख्याने प्रमाणावर अवलंबून असते. बांधल्यानंतर टायचे टोक कमरपट्ट्याच्या बकलापाशी यावे, हा सर्वमान्य संकेत आहे. प्रौढांचा टाय साधारणतः १४५ ते १५० सें.मी. लांब असतो. हाताने बांधायच्या टायसाठी पाच ते सात वर्षांच्या मुलांना सुमारे १०० ते ११० सें.मी., तर आठ ते बारा वर्षांच्या मुलांना सुमारे ११५ ते १२५ सें.मी. लांबी पुरते. तथापि उत्पादकांच्या मापांत फरक असल्याने वयापेक्षा उंचीवरून निवड करणे अधिक उपयुक्त ठरते. उंच किशोरांना प्रौढांचाच टाय लागतो.

रुंदी कोटाच्या गळपट्टीशी जुळती असावी. मुलांच्या कोटाची गळपट्टी अरुंद असल्याने पाच ते साडेसहा सें.मी. रुंदीचा टाय शोभतो. प्रौढांचा आठ-नऊ सें.मी. रुंदीचा टाय लहान छातीवर अवजड वाटतो. जाड अस्तराच्या टायची गाठही मोठी होते व लहान कॉलरमध्ये मावत नाही.

रंगाच्या बाबतीत टाय सदऱ्यापेक्षा गडद असावा, हा सर्वांत सोपा नियम आहे. सदरा चौकटीचा किंवा नक्षीचा असल्यास एकरंगी टाय आणि सदरा साधा असल्यास पट्ट्यांचा किंवा बारीक बुट्ट्यांचा टाय निवडला जातो. रेशमी टायची गाठ चांगली बसते, परंतु तो डाग धरतो. पॉलिस्टरचा टाय स्वस्त व धुण्यास सोपा असतो. सुती टाय उन्हाळ्यात सुसह्य असतो, मात्र लवकर चुरगळतो.

बांधण्याच्या पद्धती

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील थॉमस फिंक व योंग माओ यांनी १९९९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात टायच्या गाठींचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. जास्तीत जास्त नऊ हालचालींची मर्यादा घालून त्यांनी ८५ शक्य गाठी मोजल्या. त्यांपैकी मोजक्याच व्यवहारात आहेत.

मुलांसाठी 'फोर-इन-हँड' ही गाठ सर्वाधिक सोयीची मानली जाते. ती लहान, किंचित तिरकी व सोडवण्यास सोपी असते. तिच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे :

१. कॉलर उभी करून वरचे बटण लावावे. टायचे रुंद टोक बांधणाऱ्याच्या उजव्या बाजूस व अरुंद टोकापेक्षा बरेच खाली ठेवावे.

२. रुंद टोक अरुंद टोकावरून डावीकडे न्यावे.

३. ते अरुंद टोकाच्या मागून उजवीकडे आणावे.

४. पुन्हा समोरून डावीकडे न्यावे. या वेळी पुढे एक आडवी पट्टी तयार होते.

५. रुंद टोक गळ्याभोवतीच्या फेऱ्यातून खालून वर काढावे.

६. ते आडव्या पट्टीच्या मागून खाली ओवावे.

७. अरुंद टोक धरून गाठ हळूहळू वर सरकवावी आणि कॉलर खाली पाडावी.

गाठ बसल्यावर तिच्या खाली मध्यभागी बोटाने हलकी खळी पाडल्यास टाय रेखीव दिसतो. रुंद टोक कमरेच्या वर राहिल्यास आरंभी ते अधिक खाली घ्यावे. खाली गेल्यास वर घ्यावे. एकदा योग्य लांबी साधली, की अरुंद टोक सदऱ्याच्या कितव्या बटणाशी होते हे लक्षात ठेवल्यास पुढील वेळी अंदाज चुकत नाही.

टाय आखूड असल्यास 'ओरिएंटल' ही गाठ उपयोगी पडते. तिच्यात टायची शिवणीची बाजू बाहेर ठेवून सुरुवात केली जाते व कमी वेढ्यांत गाठ पूर्ण होते. 'हाफ विंडसर' गाठीत रुंद टोक गळ्याच्या फेऱ्यावर एका बाजूने, तर 'विंडसर' गाठीत दोन्ही बाजूंनी वळवले जाते. या गाठी त्रिकोणी व भरीव असतात. मुलाने वडिलांचा टाय घातला असता विंडसर गाठीत जास्तीची लांबी सामावते, पण गाठ जाड होते. त्याऐवजी फोर-इन-हँड बांधून लांब राहिलेले अरुंद टोक सदऱ्याच्या दोन बटणांमधून आत सारणे अधिक नेटके दिसते.

मुलाला टाय बांधून देताना समोरासमोर उभे राहिल्यास डावे-उजवे उलट होते. म्हणून मुलाला आरशापुढे उभे करून त्याच्या मागून हात पुढे घेऊन बांधणे सोपे जाते. मुलालाही हातांच्या हालचाली आरशात दिसतात आणि तो त्या शिकू शकतो. मोठ्याने स्वतःच्या गळ्यात गाठ मारून, ती सैल करून मुलाच्या गळ्यात घालणे हाही प्रचलित मार्ग आहे.

सुरक्षितता

गळ्याभोवती बांधलेले कोणतेही वस्त्र अडकल्यास किंवा ओढले गेल्यास लहान मुलाच्या श्वासाला धोका पोहोचू शकतो. घसरगुंडी, झोका, सायकलचे चाक, बसचे दार ही अशा अडकण्याची संभाव्य ठिकाणे होत. त्यामुळे खेळाच्या तासाला, झोपताना व प्रवासात डुलकी लागण्याची शक्यता असताना टाय काढून ठेवणे इष्ट असते. प्रयोगशाळेत ज्योतीजवळ किंवा कार्यशाळेत फिरत्या यंत्राजवळ लोंबता टाय वर्ज्य मानला जातो.

या दृष्टीने क्लिपचा टाय सर्वांत सुरक्षित आहे, कारण ओढ बसताच तो सुटून हातात येतो. ब्रिटनमधील अनेक शाळांनी याच कारणास्तव गाठीच्या टायऐवजी क्लिपचा टाय स्वीकारला. इलॅस्टिकचा किंवा झिपचा टाय घालण्यास सोपा असला, तरी तो ओढल्यावर आपोआप सुटत नाही. इलॅस्टिक ताणले जाते, पण पट्टा गळ्याभोवती कायम राहतो. सोय आणि सुरक्षितता या येथे वेगळ्या गोष्टी आहेत, हे पालकांच्या व शाळांच्या सहसा लक्षात येत नाही. गाठीचा टाय वापरणाऱ्या मुलाला तो बांधण्याआधी एका हाताने चटकन सैल करण्यास शिकवणे आवश्यक ठरते.

कॉलर व गळा यांच्यामध्ये मोठ्या माणसाची दोन बोटे सहज जातील इतकी जागा असावी. घट्ट टायमुळे प्रौढ पुरुषांच्या डोळ्यांतील दाब वाढत असल्याचे निरीक्षण २००३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी' मध्ये प्रसिद्ध झाले होते. वाढत्या वयात गळ्याचा घेर बदलत असल्याने कॉलरचे माप दर शैक्षणिक वर्षाच्या आरंभी तपासावे लागते.

निगा

टाय गाठीतून ओढून न काढता, बांधण्याच्या उलट क्रमाने सोडवावा. गाठ तशीच ठेवल्यास कापडाला कायमच्या घड्या पडतात. पॉलिस्टरचा टाय कोमट पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवता येतो. रेशमी टायला ड्रायक्लीनिंग योग्य ठरते. इस्त्री करताना वर सुती कापड ठेवावे. इलॅस्टिक सैल पडल्यास ते बदलावे. गाठ मारून आवळू नये. क्लिपचा चिमटा गंजल्यास सदऱ्यावर डाग पडतात व ओढ बसल्यावर तो सुटण्यासही अडथळा येऊ शकतो. अशा वेळी टाय बदलणे योग्य ठरते.