वळिवड्याची छावणी

मागच्या महिन्यात आम्ही गटाच्या सात जणी शिलाईचं कापड आणायला गांधीनगरला गेलो होतो. कोल्हापूरजवळचं गांधीनगर तुम्हाला काही नवीन नाही. लग्नाचा बस्ता असो की परकराचे तागे, आधी तिथला भाव काढायचा आणि मग बाकीचं बोलायचं. गठ्ठे बांधून होईपर्यंत दुकानातले वयस्कर सिंधी काका सहज म्हणाले, "आम्ही आलो तेव्हा इथं गोऱ्या लोकांच्या रिकाम्या बराकी होत्या." गोरे म्हणजे इंग्रज असणार, असं आम्हाला वाटलं. ते होते पोलंडचे. निर्वासित. आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं.

मग आम्ही वाचायला बसलो. जे कळलं ते आज सांगतो.

पोलंड हा युरोपातला देश. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला रशिया. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला रशियानं पूर्वेकडून. रशियाच्या ताब्यात गेलेल्या भागातून १९४० आणि ४१ साली लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेलं. पहिली मोठी खेप फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत निघाली. बायकांना जंगलात लाकूड तोडायला, शेतावर राबायला लावलं. भुकेनं आणि आजारानं फार माणसं मेली.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला. मग रशियाला मित्रांची गरज लागली. लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या परागंदा सरकारशी त्यानं करार केला आणि या लोकांची सुटका झाली. पुरुष नव्या पोलिश फौजेत भरती झाले. १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखावर माणसं इराणच्या पहलवी बंदराला लागली. उवा आणि टायफसच्या भीतीनं तिथं त्यांचे कपडे जाळले, डोकी भादरली. बाईच्या जातीला हे काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आता एवढ्या लोकांना ठेवायचं कुठं? इराण एकटा किती दिवस पुरणार? तेव्हा ब्रिटन, अमेरिका, पोलंडचं परागंदा सरकार आणि रेडक्रॉस यांनी ओझं वाटून घेतलं. कुणी पूर्व आफ्रिकेत गेले, कुणी मेक्सिकोत, ७३३ मुलं न्यूझीलंडला. हिंदुस्थानात नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली. आणि कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला १९४३ साली मोठी छावणी सुरू झाली. सुमारे ५ हजार माणसं.

एक खरं बोलायला हवं. हा निर्णय इंग्रज सरकारचा. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा बालराजे होते, आणि गावातल्या लोकांना कुणी विचारलं असेल असं आम्हाला वाटत नाही. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती, हेही विसरता येत नाही. पण पाहुणे आले आणि आपल्या माणसांनी त्यांना सामावून घेतलं, हेही तितकंच खरं.

छावणीत कौलारू छपराच्या, चटईच्या भिंतींच्या लांबच लांब बराकी होत्या. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकंसुद्धा व्हायची. मुलं पंचगंगेत पोहायची. छातीच्या विकाराच्या माणसांना पाचगणीच्या हवेला पाठवत. आम्हाला सगळ्यात भावलं ते वेगळंच. घरटी खोली आणि महिन्याला थोडा भत्ता मिळायचा, आणि बायका शेगडीवर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायच्या. भाजी, अंडी, दूध आसपासच्या लोकांकडून घ्यायच्या. २०१९ च्या महापुरात आम्ही आठ दिवस शाळेत काढले. दोन वेळची खिचडी मिळत होती, देणाऱ्यांचे उपकार आहेत. तरी ताटली घेऊन रांगेत उभं राहताना घशाखाली घास उतरत नव्हता. घरी येऊन पहिली भाकरी थापली तेव्हा कुठं जीव जागेवर आला. म्हणून त्या शेगडीची किंमत आम्हाला कळते.

या बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे तिकडे इटलीत लढत होते. आपल्या मराठा पलटणीचे जवानही त्याच इटलीत होते. रायगडचे यशवंत घाडगे १९४४ साली तिथंच पडले.

युद्ध संपलं, पण या बायकांना घर मिळालं नाही. मोठ्या देशांनी वाटाघाटी केल्या आणि पोलंडचा पूर्वेकडचा भाग रशियाकडेच राहिला. ज्यांची गावंच परक्या देशात गेली, त्यांनी परतायचं कुठं? जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. म्हणजे ज्या सरकारच्या नावावर छावणी चालत होती, ते सरकारच कागदावरून गेलं.

कागदावरून आठवलं. गेल्या हंगामात ऊसतोडीला आलेल्या एका बाईनं आमच्या गटात बचत टाकता येईल का म्हणून विचारलं होतं. आम्ही रहिवासी दाखला मागितला. ती पुन्हा आली नाही.

वळिवड्याच्या बायकांसाठी मग नव्यानं उभ्या राहिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्था पुढे आल्या. कुणाचं कोण कुठं आहे याचा शोध, कागदपत्रं, बोटीची जागा, असं ते किचकट काम. ज्यांची माणसं इंग्रजांच्या बाजूनं लढली होती त्यांना ब्रिटननं घेतलं, त्यासाठी १९४७ साली तिथं कायदा झाला. काही जणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला गेल्या, काही पोलंडला परतल्या. १९४८ च्या सुरुवातीला छावणी रिकामी झाली. निर्वासित म्हणजे कोण आणि त्याला बळजबरीनं परत धाडता येत नाही, हे सांगणारा जागतिक करार त्यानंतर, १९५१ साली झाला. भारतानं त्यावर अजून सही केलेली नाही.

बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली होती. सिंधमधून सगळं सोडून आलेली कुटुंबं त्याच छपराखाली आली. त्यांनी कापडाचा व्यापार सुरू केला आणि छावणीचं गांधीनगर झालं. आम्ही ज्या दुकानात घासाघीस करतो, त्या जागी कधी पोलंडच्या कुणा आईनं शेगडी पेटवली असेल.

छावणीत वाढलेली मुलं पुढे म्हातारपणी कोल्हापूर बघायला येत राहिली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. दिवाळीच्या मालासाठी आम्ही पुन्हा जाणार आहोत, तेव्हा आधी तिथं थांबायचं ठरलंय. आणि ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आत दाखल्याचा विषय आम्ही गटाच्या बैठकीत घेतलाय. दोघी जणी अजून नाही म्हणतात.