फिट थांबते कशी?

फिट का येते यावर भरपूर लिहिलं गेलंय. ती थांबते का, याकडे मात्र फार कमी लोक बघतात. असंख्य मज्जापेशी एकाच वेळी पेटलेल्या असतात आणि बहुतेकदा एक-दोन मिनिटांत सगळं आपोआप शांत होतं. (आपल्याकडे तेवढ्यात कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतं आणि श्रेय चपलेला जातं.)

उत्तराचा एक धागा आम्लतेत आहे. ती मोजायची पीएच मोजपट्टी सोरेन्सेन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बनवली. हो, बिअरवाले कार्ल्सबर्गच. ही पट्टी लॉगॅरिदमिक असल्यामुळे आकडे फसवतात. ७.४ वरून ७.१ ही घसरण किरकोळ वाटते, पण तेवढ्यात हायड्रोजन आयन दुप्पट होतात.

१९२०च्या दशकात डॉक्टरांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. भराभर खोल श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्तातली आम्लता घटते आणि काही रुग्णांना झटका येतो. ईईजी काढताना आजही जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, तो याचसाठी. उलट अमेरिकेत विल्यम लेनॉक्स यांना कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या हवेत झटके दबताना दिसले.

म्हणजे आम्लता वाढली की मेंदू थंडावतो. पण पेशीला ती कळते कशी? १९८० साली कीव्हमध्ये क्रिश्टल आणि पिडोप्लिच्को यांनी दाखवलं, की आम्लता एकदम वाढली की संवेदी मज्जापेशींत विद्युतप्रवाह सुरू होतो. १९९७ साली फ्रान्समध्ये लाझ्दुन्स्की यांच्या गटाने त्यामागच्या चॅनलचं जनुक शोधलं. आता गोची अशी, की हे चॅनल उघडलं की पेशी उत्तेजित होते. मग झटका वाढायला हवा!

हे कोडं २००८ साली आयोवात बरंचसं सुटलं. एएसआयसी-१ए हे चॅनल नसलेल्या उंदरांत झटके सुरू व्हायला फरक पडला नाही, पण ते जास्त तीव्र झाले आणि लांबले. हे चॅनल इतरांना गप्प करणाऱ्या पेशींवर जास्त प्रभावी ठरत होतं. झटक्यातल्या धावपळीनेच आम्ल साचतं आणि तेच आम्ल या पेशींना जागं करतं. सर्व्हरवर लोड वाढला की लोडच ब्रेकर पाडतो, तसं. मला हे डिझाइन फार आवडलं.

कधीकधी मात्र हा ब्रेकर पडतच नाही. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं.