एका वेळी एक ओळ

मंडळी, या शनिवारी कोड नाही, इतिहास. म्हणजे कोडचाच इतिहास. शुक्रवारी ऑफिसातल्या एका नव्या मुलाने चहा घेता घेता विचारलं, "सर, सगळे सांगतात कर्सर वापरू नका. मग मुळात तो बनवलाच कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला पारोळ्याहून आलेला एक फोन आठवला. तो २००८ चा जून महिना होता.

त्या वर्षी २९ फेब्रुवारीला केंद्राच्या अर्थसंकल्पात शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली होती. आकडा साठ हजार कोटींचा. नियम ऐकायला सोपे होते. कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं असावं, ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं असावं आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत फेडलेलं नसावं. शेतकऱ्याकडे दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर सगळी थकबाकी माफ. दोन हेक्टरच्या वर असेल तर तो 'इतर शेतकरी', म्हणजे पंचाहत्तर टक्के त्याने भरले की उरलेले पंचवीस टक्के माफ. (काही कोरडवाहू जिल्ह्यांसाठी थोडी वेगळी सवलत होती, ती इथे सोडून देतो.) याद्या ३० जूनच्या आत लागायच्या होत्या.

मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो आणि आमच्याकडे एका बँकेच्या याद्या काढायचं काम आलं होतं. प्रोसिजर मीच लिहिली. थकीत खात्यांवर कर्सर उघडायचा, एकेक खातं उचलायचं, त्या खातेदाराचं क्षेत्र जमिनीच्या वेगळ्या टेबलमधून सिलेक्ट इन्टूने एका रेकॉर्ड व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, दोन हेक्टरशी तुलना करायची आणि यादीत ओळ टाकायची. लूप संपला, काम संपलं.

पहिल्याच रात्री ती आडवी झाली. काही खातेदारांचं क्षेत्र जमिनीच्या टेबलमध्ये भरलेलंच नव्हतं, आणि ओरॅकलमध्ये सिलेक्ट इन्टूला एकही ओळ मिळाली नाही की 'नो डेटा फाउंड' नावाचं एक्सेप्शन येतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी लूपच्या आत एक छोटा ब्लॉक टाकला आणि त्यात लिहिलं: व्हेन नो डेटा फाउंड देन नल. मराठीत सांगायचं तर, नाही सापडलं ना, जाऊ दे, पुढे चल. प्रोसिजर सुरळीत चालली, यादी छापून निघाली आणि मी घरी जाऊन शांत झोपलो.

दोन दिवसांनी फोन आला. पारोळा तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीचे गटसचिव बोलत होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागलो.

"भाऊ, हाई काय व्हयनं? तेरा नंबरच्या माणसाचं क्षेत्र शून्य पॉइंट एक्क्याऐंशी, आणि चौदा नंबरचंही तेवढंच?"

"आप्पा, असू शकतं की. दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर. पुष्कळांची असेल."

"असेल ना. पण ह्याची नाही. ह्याचं शेत मी पाहिलेलं आहे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी काय केलं, तर फक्त चौदा नंबरच्या खात्यासाठी प्रोसिजर चालवून पाहिली. तो आला 'इतर शेतकरी' म्हणून, क्षेत्र कोरं. पुन्हा पूर्ण यादी चालवली, तर 'लहान शेतकरी', क्षेत्र ०.८१. म्हणजे एकटा असला की एक निकाल आणि रांगेत असला की दुसरा. अर्धा दिवस मी डेटाबेसच्या व्हर्जनला शिव्या घातल्या.

खरी गोष्ट लाज वाटावी इतकी साधी होती. ओळ सापडली नाही तेव्हा सिलेक्ट इन्टूने रेकॉर्ड व्हेरिएबलला हातच लावला नव्हता. त्यात आधीच्या फेरीतलं, म्हणजे तेरा नंबरचं क्षेत्र तसंच पडून होतं. एक्सेप्शन मी गिळलं होतं, त्यामुळे ओरडायला कोणी उरलं नव्हतं. आणि एकटा चालवल्यावर? तेव्हा व्हेरिएबल नल होतं. नल ही दोन हेक्टरपेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही, तुलनेचं उत्तरच येत नाही, मग गडी मुकाट्याने एल्समध्ये जातो. माझ्या एल्समध्ये होतं 'इतर शेतकरी'. एकात एक दोन चुका, आणि माणसाची माफी ठरत होती ती यादीत त्याच्या आधी कोणाचं नाव आलंय यावर. कर्सरच्या क्वेरीत ऑर्डर बायसुद्धा नव्हतं. पुढच्या खेपेला दुसराच कोणी आधी आला असता.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. ही वस्तू बनवली कोणी आणि का?

१९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातला विचार असा की माहितीकडे संच म्हणून बघा, एकेक नोंद हाताने हुडकत बसू नका. 'दोन हेक्टरच्या आतले सगळे थकबाकीदार द्या' एवढं सांगायचं, कसे शोधायचे ते यंत्र बघेल. १९७४ मध्ये डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. (बॉइस बिचारे त्याच वर्षी अगदी तरुण वयात गेले.) आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रकल्प सुरू झाला आणि तिथे एक व्यवहारी अडचण उभी राहिली. क्वेरी अख्खा संच देते, पण कोबोल किंवा पीएल-वन मधल्या प्रोग्रॅमच्या हातात एका वेळी एकच नोंद मावते. हंड्याने पाणी येतंय आणि आपल्याकडे फुलपात्र आहे अशी गत. मग मधे ठेवला कर्सर: संचावर एक बोट ठेवायचं, ते बोट एकेक ओळ खाली सरकवायचं. शब्द लॅटिन आहे, अर्थ धावणारा. जुन्या इंजिनियरांच्या स्लाइड रूलवर जी काच सरकायची तिलाही कर्सरच म्हणत.

म्हणजे कर्सर ही तडजोड आहे, आणि तिने पहिला दणका तिच्या जन्मघरीच दिला. सिस्टिम आरच्या लोकांनी एक क्वेरी चालवली: पंचवीस हजार डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्या सगळ्यांना दहा टक्के वाढ द्या. क्वेरी संपली, कुठलीही एरर नाही, आणि बघतात तर सगळ्यांचे पगार पंचवीस हजार किंवा त्याच्या वर! झालं असं की सिस्टिम पगाराच्या इंडेक्सवरून चालत होती. वाढ मिळाली की ती नोंद इंडेक्समध्ये पुढे जाऊन बसायची आणि पुढे सरकणाऱ्या बोटाला पुन्हा भेटायची. पुन्हा दहा टक्के. पंचवीस हजार ओलांडेपर्यंत हेच. हे पॅट सेलिंजर आणि मॉर्टन अॅस्ट्राहन यांच्या लक्षात आलं तो दिवस हॅलोविनचा होता, म्हणून आजही त्याला हॅलोविन प्रॉब्लेम म्हणतात. ज्या टेबलवरून चाललोय तेच बदलत गेलो तर काय होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. सायबेसने १९८७ मध्ये स्टोअर्ड प्रोसिजर बाजारात आणल्या. ओरॅकलने १९८८ मध्ये, सहाव्या व्हर्जनबरोबर, पीएल-एसक्यूएल आणलं. त्याचा साचा एडा भाषेवरून घेतलेला आहे, ते बिगिन-एक्सेप्शन-एंड तिथलंच. प्रोसिजर डेटाबेसमध्ये साठवता येऊ लागल्या त्या १९९२ च्या सातव्या व्हर्जनपासून. पोस्टग्रेसमध्ये १९९८ ला अशी भाषा आली, मायएसक्यूएलला तर २००५ उजाडलं. प्रत्येकाने कर्सर आणि रेकॉर्ड घेतले, आणि 'ओळ सापडली नाही तर काय' याचं उत्तर प्रत्येकाने वेगळं दिलं! ओरॅकल एक्सेप्शन फेकतं. पोस्टग्रेस, स्ट्रिक्ट लिहिलं नसेल तर, व्हेरिएबल गुपचूप नल करतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिलेक्टने व्हेरिएबल भरलं आणि ओळ आली नाही तर जुनी किंमत तशीच राहते, पण तेच सेट वापरून सबक्वेरीने भरलं तर नल होते. मायएसक्यूएलची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे लूप संपलाय हे कळायला आपण नॉट फाउंडचा हँडलर लावतो, आणि लूपच्या आतल्या एखाद्या सिलेक्ट इन्टूला ओळ मिळाली नाही तरी तोच हँडलर पेटतो. लूपला वाटतं आपलं काम झालं, आणि यादी अर्ध्यावर संपते. माझी चूक मी तिथे केली असती तर चौदा नंबरनंतरचं अख्खं गाव गायब झालं असतं. एका अर्थी ते बरं, गाव गायब झालेलं लगेच दिसतं.

पण मी मुळात लूप का लिहिला? एका क्वेरीत होण्यासारखं काम होतं. याचं उत्तर सॅन होजेत नाही, आपल्याकडेच आहे. माझ्या पिढीतले आणि आधीचे बरेच जण डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रोवर शिकले. तिथे जगच असं होतं: फाईल उघडा, डू व्हाइल नॉट ईओएफ, नोंद वाचा, स्किप. आणि ते आम्हाला इतकं सोपं गेलं कारण त्याआधी आपण खतावणी तशीच लिहायचो. एक पान, एक माणूस, पान उलटा.

खरं तर ते ०.८१ सुद्धा असंच एकेक करून आलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात मोजणी झाली ती तेहतीस फुटी साखळी घेऊन, एकेका शेताच्या बांधावर फिरून. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर. खानदेशात ही मोजणी सुखासुखी झाली नाही. १८५२ मध्ये यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकरी तिच्याविरुद्ध उठले आणि सरकारला फौज पाठवावी लागली. एरंडोल म्हणजे पारोळ्याचा शेजारच. सरकार आपल्याबद्दल नक्की काय लिहून नेतंय याची धास्ती तेव्हापासूनची आहे. पुढे सातबारा आला, एकराचे हेक्टर-आर झाले, पण कागद भरला गेला तो गावागावात, एका वेळी एक ओळ. फरक एवढाच की तलाठ्याने वरच्याचं क्षेत्र खालच्याला लिहिलं तर ओरडायला खालचा शेतकरी चावडीवर हजर असायचा. माझ्या लूपमध्ये तसं कोणी नव्हतं.

दुरुस्तीचं सांगतो. आधी मी घाईत लूपच्या सुरुवातीला रेकॉर्ड नल करून टाकला. तेवढ्याने शेजाऱ्याचं क्षेत्र येणं थांबलं, पण क्षेत्र नसलेले सगळे एल्समध्ये जाऊन 'इतर' झाले, म्हणजे एक एकरवालाही. मग कर्सर काढूनच टाकला आणि खात्यांचं टेबल जमिनीच्या टेबलला लेफ्ट जॉइनने जोडलं, केसमध्ये तिसरी फांदी ठेवली: क्षेत्र उपलब्ध नाही. लेफ्ट हा शब्द इथे महत्त्वाचा. सवयीने साधा जॉइन लिहिला असता तर क्षेत्र नसलेले शेतकरी यादीतून आवाज न करता गळले असते, आणि कर्सर काढल्याबद्दल मी वर स्वतःची पाठ थोपटली असती. तेव्हा 'कर्सर वाईट, सेट चांगला' हा मंत्र मला फारसा पटत नाही. चुकीला दिसू देणारा कोड आणि न दिसू देणारा कोड, असा फरक मी करतो. अशी शंका आली की मी आजही आधी दोन प्रयोग करतो: एकच ओळ एकटी चालवून बघायची, आणि तीच यादी उलट्या क्रमाने चालवून बघायची. निकाल बदलला की कुठेतरी शिळं काहीतरी पडलेलं आहे.

त्या योजनेचं पुढे कॅगने ऑडिट केलं. २०१३ साली अहवाल आला, तपासलेल्या नव्वद हजारांवर खात्यांपैकी बावीस टक्क्यांहून जास्त खात्यांत चुका निघाल्या. पात्र वगळलेले, अपात्र घेतलेले, दोन्ही. २०१७ मध्ये राज्याची कर्जमाफी आली तेव्हा तर याद्यांमध्ये अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक असल्याच्या बातम्या छापून आल्या. ती बातमी वाचताना माझ्या पोटात काय झालं असेल ते ज्याने कधी सिलेक्ट इन्टू लिहिलंय त्यालाच कळेल.

नवी यादी मी आप्पांना फॅक्स केली. क्षेत्र नसलेल्यांचा रकाना कोरा सोडला होता. दुसऱ्या दिवशी ती भरून परत आली, प्रत्येक आकडा आठ-अ च्या उताऱ्यावरून, हाताने. एका बाईंचं क्षेत्र ०.६० होतं. शेजाऱ्याच्या क्षेत्रावर त्या माझ्या पहिल्या यादीत 'इतर' झाल्या होत्या, आता पूर्ण माफीत आल्या. चौदा नंबरपुढे लिहिलं होतं २.६४. सहा एकर एकवीस गुंठे, सगळी कोरडवाहू.

मी फोन केला. "आप्पा, चौदा नंबर..."

"हो. पंचवीस टक्क्यांत गेला ना?"

"गेला."

"मला माहीत होतं," आप्पा म्हणाले. "ती दुसरी पानं पाठव बरं, पंधरापासून पुढची फॅक्सवर नीट उठली नाहीत."