पपईचा चीक आणि दोन विद्या

बारावीचा निकाल लागला की आमच्या एरंडोलात हल्ली एक नवाच प्रश्न कानी येतो. पोरीला गणितही येते आणि जीवशास्त्रही आवडते. मग जीवरसायनशास्त्र घ्यावे की जैवअभियांत्रिकी? दुसऱ्या वाटेने गेल्यास नावामागे ‘इंजिनियर’ लागणार, म्हणून आजी-आजोबांचे मत आपोआप तिकडे पडते. वडील फीचा हिशेब करतात, आणि पोरीला मात्र कोणी विचारीत नाही. मी पडलो मास्तर, तेव्हा हे भांडण माझ्या ओट्यावर येते. मला सांगता येतो तो इतिहास. आणि या दोन विद्यांचा इतिहास शोधावयाला फार दूर जावे लागत नाही.

१९३३ साल घ्या. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग उघडला. कारखान्याला लागणारी विद्या शिकविण्याची ती सोय होती. त्याच वर्षी मुंबईची एक पदवीधर मुलगी, कमला भागवत, बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेच्या दाराशी उभी होती. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही त्या संस्थेत शिकलेले. पण संचालक होते सर चंद्रशेखर रामन, आणि मुलीला प्रवेश द्यावयास ते तयार नव्हते. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतले. त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले, पुढे केंब्रिज गाठले, बटाट्यात सायटोक्रोम-सी नावाचे द्रव्य शोधले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली. पेशीच्या श्वसनाशी संबंध असलेले हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे त्यामुळे कळले. रामन यांनीही पुढे मुलींना दार उघडले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने लिहिली पाहिजे.

लग्नानंतर कमलाबाई सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेत नीरेचा अभ्यास करू लागल्या. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह आहे, कुपोषित मुलांना ती गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखविले. हे जीवरसायनशास्त्र झाले. परंतु पहाटे उतरविलेली नीरा ऊन चढले की आंबू लागते, आणि तिची ताडी होते. हजारो मुलांपर्यंत ती नीरा म्हणूनच कशी पोहोचवावी, हा प्रश्न निराळ्या विद्येचा. चार माणसांची खिचडी उत्तम करणाऱ्या गृहिणीला चारशेंच्या पंगतीचे पातेले दिले, तर नुसते तांदूळ-मीठ शंभरपट करून भागत नाही. खाली करपते आणि वर कच्चे राहते. मोठ्या भांड्यात उष्णता कशी हिंडते, हवा कुठवर पोहोचते, हे गणित मांडावे लागते. पिंपरीचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, तो याच गणिताच्या आधारावर. बुरशीतून औषध निघते हे ठाऊक असणे वेगळे आणि टाकीच्या टाकी भरून ते काढणे वेगळे.

आता आमच्या जळगावकडे येऊ. मटण लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईची फोड टाकतात. त्या चिकात पपेन नावाचे एन्झाइम असते. ते प्रथिनांचे तुकडे करते. त्याचे हे नाव १८७९ सालचे. १९५९ साली लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी पपेन वापरूनच रक्तातील प्रतिद्रव्याचे तीन तुकडे केले, त्यावरून त्याची घडण उलगडली आणि १९७२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. इकडे १९७८ साली भवरलाल जैन यांनी केळीच्या पिठाचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून शुद्ध पपेन काढून परदेशी पाठविण्यास सुरुवात केली. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. उष्णता जास्त झाली तर पपेन मरते, हवा लागली तरी त्याचा जोर ओसरतो. लंडनला चिमूटभर पुरले. जळगावला पिंपेच्या पिंपे सुकवायची होती. चीक एकच, पण दोन्हीकडची माणसे निराळी लागली.

आज जळगावला गिरणेच्या काठी विद्यापीठ आहे, १९९० सालचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बहिणाबाईंचे नाव आता त्याला दिले आहे. तिथे जीवशास्त्राची प्रशाळाही आहे आणि रासायनिक तंत्रज्ञानाची संस्थाही. व्यवहाराचे म्हणाल तर जीवरसायनात नुसत्या पदवीवर फारसे भागत नाही, एम.एस्सी. आणि पुष्कळदा त्याच्याही पुढे जावे लागते. अभियांत्रिकीत चार वर्षांनी नोकरीची आशा असते, मात्र गणित शेवटपर्यंत पाठ सोडीत नाही, आणि फी भारी.

हे सारे एका विद्यार्थिनीला आणि तिच्या वडिलांना सांगत होतो. वडिलांनी विचारले, “मास्तर, नोकरी कशात लवकर?” पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सर, मांस शिजवणारा चीक पपईलाच का खात नाही?”

झाडात ते एन्झाइम जणू कुलूपबंद असते, फळाला चीर पडली की ते कुलूप उघडते, एवढे मी वाचले होते, तेवढे सांगितले. “पण कुलूप उघडतं कोण?” ती म्हणाली.

मी तिच्या वडिलांकडे वळलो. “नाना, फीचा हिशेब जीवरसायनाचा करा.”